विचारलेच नाही, म्हणून सांगितले नाही

नागपुरातल्या भिंती वाचत फिरले तर मूळव्याध, फिशर, भगंदर हे तीन शब्द जागोजागी भेटतात. रेल्वेपुलाच्या खाली, बसथांब्याच्या मागे, विजेच्या खांबावर. आणि त्यांच्या खाली 'बिना ऑपरेशन' हे ठळक आश्वासन. म्हणजे गुदद्वाराच्या आजारांबद्दल हे शहर अगदीच मुके आहे, असे म्हणता येत नाही. मात्र शौचावरचा ताबा सुटणे, लागली की आवरत नाही अशी अवस्था होणे, वायू सरतोय असे वाटून कपडे खराब होणे, किंवा काहीच न कळता ते होऊन जाणे, या तक्रारीला कुठल्याच भिंतीवर जागा नाही. जाहिरातीत नाही ते एका अर्थी बरेच. वाईट हे की ती डॉक्टरांच्या केसपेपरवरही नसते. रुग्ण 'मूळव्याधीसारखा त्रास आहे' एवढेच सांगतो, कारण तेवढे बोलण्याची मुभा समाजाने दिलेली आहे, आणि मलमाची नळी घेऊन परत जातो. त्यातला एखादा भिंतीवरच्या पत्त्यावर पोहोचतो. तिथे कुणी अशिक्षित हाताने कापाकापी केली, की ज्या स्नायूंवर सारा ताबा अवलंबून आहे तेच दुखावले जातात आणि न सांगितलेला आजार दुप्पट होऊन बसतो.

या मौनाचे खापर आपण लाजेवर फोडतो. लाज आहेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण ती या मौनाचे मुख्य कारण आहे, हे मला पटत नाही. मुख्य कारण असे की हा प्रश्न विचारणे ज्यांचे काम आहे ते तो विचारत नाहीत. आणि ते विचारत नाहीत, कारण टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच समजूत बसलेली आहे: वय झाले की असे व्हायचेच, आणि त्यावर इलाज नाही. या समजुतीचे दोन्ही भाग चुकीचे आहेत.

लाजेचा मुद्दा आधी घेऊ, कारण विदर्भात त्याची परीक्षा एकदा होऊन गेली आहे. नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे 'मेडिकल'मध्ये, शिकलेल्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. तो अभ्यास स्त्रीरोगांचा होता, शौचगळतीचा नव्हे. तरी त्याने सिद्ध केलेली एक गोष्ट इथे थेट लागू पडते. ज्या बायकांबद्दल 'त्या अशी तपासणी करूच देणार नाहीत' असे शहरात बसून सहज म्हटले गेले असते, त्या शेकड्यांनी तपासणीला आल्या. लाज तीच होती, गावे तीच होती, पदर तोच होता. बदलले एवढेच की कुणीतरी गावात जाऊन, विश्वास मिळवून, नीट विचारले. दुखणे सांगायची इच्छा नसते असे आपण धरून चालतो. पुष्कळदा ऐकणाराच नसतो.

आता वयाचा मुद्दा. त्यासाठी हा ताबा राहतो कशाने, हे थोडे उलगडून पाहावे लागते. गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात. आतले कडे आपल्या हुकमात नसते. ते झोपेतही आवळलेले राहते आणि विश्रांतीच्या वेळचा बराचसा दाब त्याचाच असतो. बाहेरचे कडे आपण मुद्दाम आवळू शकतो, 'थांब, अजून संडास सापडलेला नाही' असे शरीराला बजावतो ते याच्या जोरावर. या दोघांच्या वर एक स्नायू गुदाशयाला मागून कवेत घेऊन पुढे ओढून धरतो, त्यामुळे मार्गाला एक बाक येतो. शिवाय तिथली त्वचा इतकी जाणती असते की आत आले आहे ते वायू आहे, पातळ आहे की घट्ट, हे तिला कळते. गुदाशय साठवण करतो, माकडहाडाच्या भागातून येणाऱ्या नसा निरोप पोहोचवतात, मेंदू वेळ ठरवतो. आणि या साऱ्यावर मल कसा आहे याचा अंमल चालतो, कारण घट्ट मल थकलेला स्नायूही अडवू शकतो, पातळ मलापुढे धडधाकट स्नायूचीही धांदल उडते. इतक्या गोष्टी जुळून जे काम होते ते बिघडण्याची कारणेही तितकीच असणार. गळती हे ताप किंवा खोकल्यासारखे लक्षण आहे. खोकला आहे म्हणजे वय झाले, असे कोणताही डॉक्टर म्हणत नाही. इथे मात्र म्हणतो.

आकडे पाहावेत. अमेरिकेत घरी राहणाऱ्या प्रौढांच्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ८ टक्के लोकांनी महिन्याभरात गळती झाल्याचे सांगितले. स्त्रिया आणि पुरुष यांच्यात फारसा फरक नव्हता. विशीतल्या लोकांत हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास, सत्तरीपुढच्यांत १५ टक्के. वयाबरोबर ते वाढते, हे खरेच. पण याच आकड्याची दुसरी बाजू अशी की सत्तरी ओलांडलेल्या शंभरातल्या पंच्याऐंशींना हा त्रास नाही. जे बहुसंख्य म्हाताऱ्यांना होत नाही त्याला म्हातारपण हे कारण कसे पुरेल? आणि विशीतल्या त्या चाळिसातल्या एकाला काय सांगायचे? वय हे बहुतेक वेळा जुन्या इजेवरचे पांघरूण काढणारे निमित्त असते.

ही जुनी इजा सर्वांत जास्त कुठे होते, याचे उत्तर बाळंतपणाच्या खोलीत आहे. १९९३ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी प्रसूतीच्या आधी आणि नंतर गुदद्वाराच्या स्नायूंची सोनोग्राफी करून पाहिली. पहिलटकरणींपैकी ज्यांची प्रसूती योनिमार्गे झाली, त्यांच्यातल्या ३५ टक्के बायकांच्या स्नायूंत सहा आठवड्यांनी खंड दिसला, आणि त्यातल्या बहुतेकींना तेव्हा काहीच जाणवत नव्हते. प्रत्यक्ष त्रास १३ टक्क्यांना होता. चिमटा लावून केलेल्या प्रसूतीत इजेचे प्रमाण कितीतरी जास्त. नंतरच्या अभ्यासांनी हेही दाखवले की या 'न दिसणाऱ्या' इजांपैकी बऱ्याच, प्रसूतीनंतर लगेच अनुभवी हाताने बोट घालून नीट तपासले असते तर, तिथल्या तिथे दिसल्या असत्या. पंचविशीत फाटलेला स्नायू उरलेल्या भागाच्या जोरावर तीस वर्षे निभावून नेतो. मग पाळी जाते, स्नायू सैलावतात, मधुमेह येतो, पोट बिघडते, आणि पंचावन्नाव्या वर्षी ती बाई म्हणते, 'वय झालं आता.' वय झाले हे खरे. पण हिशेब तेव्हा राहून गेलेल्या टाक्यांचा आहे.

महाराष्ट्रात आता शंभरातली नव्वदहून अधिक बाळंतपणे दवाखान्यात होतात. नागपूरच्या डागा रुग्णालयासारख्या ठिकाणी तर आजूबाजूच्या तालुक्यांतून बायका येतात. माता दगावू नये यासाठी गेल्या वीस वर्षांत सरकारने जे केले त्याचे मोल मोठे आहे. पण जीव वाचला की काम संपले, ही नजर आता अपुरी पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले की प्रत्येक बाळंतिणीला सरसकट छेद देऊ नये. छेद दिला तर तो कोणत्या कोनात, फाटले तर किती खोल, गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेले का, ते कोणी शिवले, याची नोंद डिस्चार्ज कार्डावर हवी. आणि दीड महिन्यांनी बाळाच्या लसीसाठी आई येतेच, तेव्हा बाळाच्या वजनाबरोबर आईलाही एक प्रश्न हवा. योनीतून शौच किंवा वायू येत असेल तर ते दोन मार्गांच्या मध्ये भोक पडल्याचे लक्षण असते. त्याला 'होईल हळूहळू बरं' हे उत्तर नाही, त्याला शल्यविशारद लागतो.

बाळंतपण हे मोठे कारण असले तरी एकच नाही, नाहीतर पुरुषांचे प्रमाण जवळपास तेवढेच आले नसते. मधुमेह घ्या. आयसीएमआरच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. पायांच्या नसा बधिरतात हे प्रत्येक मधुमेह्याला सांगितले जाते, चपला कोणत्या वापरायच्या हेही सांगतात. त्याच प्रकारे आतड्याच्या आणि आतल्या कड्याच्या नसाही बिघडतात, रात्री झोपेत पातळ होते, हे सहसा कुणी सांगत नाही. शिवाय मेटफॉर्मिन या रोजच्या गोळीने काहींना जुलाब होतात. अशा रुग्णाची गळती गोळीचा प्रकार किंवा मात्रा बदलून थांबू शकते, पण तो डॉक्टरांना हे सांगतच नाही, आणि घरात मात्र सावजी रश्शाला दोष दिला जातो. (तिखट-तेलाने घाई होते हे मान्य, पण रस्सा खाऊनही शाबूत स्नायू घराचा संडास गाठून देतो.) भगंदर किंवा फिशरच्या शस्त्रक्रियेत कापला गेलेला स्नायू, गुदाशय बाहेर येणे, पक्षाघात, मणक्याची इजा, पित्ताशय काढल्यानंतरचे जुलाब, आतड्याचा जुनाट दाह ही आणखी कारणे. गर्भाशयमुखाच्या किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्यांचा गुदाशय कडक होतो, साठवण करीनासा होतो. राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयासारख्या ठिकाणांमुळे हे शहर साऱ्या विदर्भाचे आणि शेजारच्या राज्यांतल्या लोकांचेही कर्करोगाचे ठिकाण आहे. कर्करोगातून वाचलेल्या माणसाला वाटते की जीव वाचला, आता याची काय तक्रार करायची. करायची.

एक कारण मुद्दाम वेगळे काढतो, कारण त्यात घरचे लोक हमखास उलट उपाय करतात. अंथरुणाला खिळलेल्या किंवा फार कमी हालचाल असलेल्या माणसाला बद्धकोष्ठ होते, गुदाशयात मलाचा खडा अडकतो, आणि त्याच्या कडेने वरचा पातळ मल झिरपत राहतो. बघणाऱ्याला वाटते जुलाब लागले. मग जुलाब थांबवायची गोळी दिली जाते, पाणी कमी केले जाते, खडा आणखी घट्ट होतो आणि झिरपणे वाढते. बोट घालून तपासले तर दोन मिनिटांत निदान होते. न तपासता डायपरचे पुडके येत राहतात. लहान मुलांतही हेच घडते. शाळेतल्या घाणेरड्या संडासात जायचे नाही म्हणून दाबून धरणाऱ्या मुलाची चड्डी रोज खराब निघते आणि त्याला आळशी, हट्टी म्हणून मार बसतो. त्या मुलाला बद्धकोष्ठाचे औषध हवे असते आणि धाक बंद हवा असतो. आणखी एक साधी गोष्ट: महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांत संडास मागच्या अंगाला असतो, गुडघे धरलेल्या आजोबांना तिथवर पोहोचायला लागणारा वेळ त्यांच्या स्नायूंकडे नसतो. इथे दोष आतड्याचा कमी आणि अंतराचा जास्त. पलंगाजवळ ठेवलेली कमोडची खुर्ची अशा वेळी कुठल्याही गोळीपेक्षा जास्त काम करते.

मग दाखवायला जायचे कधी? याचे उत्तर तीन पायऱ्यांत आहे आणि त्यातली पहिली थांबण्याची नाही. एकाएकी शौच सुटायला लागले, सोबत बसायच्या जागी किंवा जांघेत बधिरता आली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, पाय लुळे पडताहेत असे वाटले, तर मणक्याच्या शेवटी असलेल्या नसांचा जुडगा दाबला जात असण्याची शक्यता असते. त्या दिवशीच, मग रात्र असो की दिवाळी, मेडिकलची कॅज्युअल्टी किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठायचे. काही तासांच्या उशिराने ताबा कायमचा जाऊ शकतो. पक्षाघाताची इतर लक्षणे असतील तरीही हेच. दुसरी पायरी काही दिवसांची: शौचातून रक्त, प्रयत्न न करता उतरलेले वजन, पंडुरोग, चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत अचानक झालेला बदल, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, गुदद्वारातून काहीतरी बाहेर येणे. यात आतड्याचा कर्करोग किंवा दाह नाही याची खात्री करून घ्यावी लागते. रक्त म्हणजे मूळव्याधच, हे गृहीत धरणे या शहरात अनेकांना महागात पडते. तिसरी पायरी सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित. बाहेर पडण्याआधी चहा टाळणे, लग्नात न जेवणे, बसऐवजी रिक्षा घेणे कारण ती थांबवता येते, देवळात मागे उभे राहणे, जास्तीची चड्डी पर्समध्ये ठेवणे, नातवाला मांडीवर न घेणे. गळती आठवड्यातून कितीदा होते हे मोजत बसण्याची गरज नाही. तिच्यासाठी जगण्याची रीत बदलायला लागली, की डॉक्टरांकडे जायची वेळ झालेली असते.

'गेले तरी इलाज काय?' हा आक्षेप सगळ्यांत जोरदार आहे, कारण सांगण्याची हिंमत तोच खाऊन टाकतो. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात १७१ रुग्णांवर झालेला, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे फार बोलका आहे. पडद्यावर स्नायूंचा दाब दाखवून व्यायाम शिकवणारे यंत्र जास्त उपयोगी की नुसता नीट सल्ला, हे त्यांना पाहायचे होते. आहार कसा, मल घट्ट कसा ठेवायचा, औषध केव्हा घ्यायचे, घाई झाली तर कसे थांबायचे, एवढे शांतपणे समजावलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून थोडे अधिक सुधारले. यंत्र वापरलेल्यांतही तेवढेच. यंत्रवाल्यांना हा निकाल निराश करणारा वाटला असेल. नागपूरला तो आनंदाचा वाटायला हवा, कारण त्याचा अर्थ असा की पहिला अर्धा उपचार यंत्राशिवाय, साध्या सरकारी दवाखान्यात, एका प्रशिक्षित नर्सच्या हातून होऊ शकतो. इसबगोल आपल्याकडे पोट साफ होण्यासाठी घेतात. तोच पातळ मल बांधून धरायलाही मदत करतो. लोपेरामाइडसारखी स्वस्त गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, आतड्यात खडा नाही याची खात्री करून, घेता येते. त्यापुढे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, फाटलेला स्नायू शिवण्याची शस्त्रक्रिया, नसेला विद्युत चेतना देणारे उपकरण, आणि काहींसाठी पोटावर काढलेला शौचमार्ग. हे सगळेच सर्वांना लागू पडत नाही. शिवलेल्या स्नायूचा गुण काही वर्षांत ओसरतो, उपकरण महाग आहे. पण 'पूर्ण बरे होत नाही' आणि 'काही होत नाही' यांत फरक आहे. मधुमेह पूर्ण बरा होत नाही म्हणून कुणी साखर तपासायचे सोडत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत सकाळी काय रांग असते हे नागपूरकराला सांगायला नको. एका रुग्णाला दोन मिनिटे मिळतात, त्यात हा नाजूक विषय कसा काढायचा? या अडचणीवर मला हसू येत नाही, ती खरी आहे. पण ती या मागणीविरुद्ध जात नाही. न विचारल्याने वेळ वाचत नाही; तोच रुग्ण तीन वेळा तीन वेगळ्या खिडक्यांवर मूळव्याध, जुलाब आणि अशक्तपणा म्हणून येतो. आणि प्रश्न डॉक्टरनेच विचारायला हवा असे नाही. आशाताई तिशीवरच्या प्रत्येकाची जी तपासणी-यादी भरतात, तिच्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर विचारला जातो; साठीपुढच्यांना चालताना तोल जातो का, हेही. त्याच यादीत आणखी एक ओळ बसते: लागल्यावर संडासपर्यंत पोहोचायला वेळ मिळतो का, कधी आधीच होऊन जातं का? मर्यादेचा प्रश्नही इथे सुटतो, कारण विचारणारी बाई असते, ओळखीची असते, आणि ती सगळ्यांनाच विचारत असते. सगळ्यांना विचारलेल्या प्रश्नात कुणी एकटा पडत नाही.

तिसरा आक्षेप मोठ्या आजारांचा. क्षयरोग, सिकलसेल, उष्माघात असलेल्या प्रदेशात शौचगळतीची चैन कशाला? पण रुग्णाला हा एक प्रश्न विचारल्याने त्या आजारांचा एक रुपयाही कमी होत नाही. उलट त्यामागून कधी आतड्याचा कर्करोग लवकर सापडतो, कधी न कळलेला मधुमेह. आणि खर्चाचाच विचार करायचा तर घराघरांत आज डायपरवर, आयावर आणि मुख्यतः सुनेच्या, लेकीच्या, बायकोच्या सुटलेल्या कामावर जो खर्च होतो, तो कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून तो नसल्यासारखा वाटतो.

राहता राहिले शिकवणे. २०१९ पासून देशातल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात रुग्णाशी कसे बोलावे, हा रीतसर विषय आला. वाईट बातमी कशी सांगावी, संमती कशी घ्यावी हे तिथे शिकवतात. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानला एम्स आहे. दरवर्षी शेकडो मुले-मुली इथून डॉक्टर होऊन बाहेर पडतात. त्यांना स्त्रीरोग विभागात दीड महिन्याच्या बाळंतिणीला, मधुमेहाच्या ओपीडीत प्रत्येक रुग्णाला, आणि शस्त्रक्रिया विभागात भगंदराच्या ऑपरेशनच्या आधी व नंतर हा एक प्रश्न साध्या मराठीत विचारायला लावणे, आणि उत्तर 'हो' आले तर बोटाने तपासल्याशिवाय केसपेपर पुढे जाऊ न देणे, याला ना नवी इमारत लागते ना निविदा. त्या त्या विभागप्रमुखाची सही पुरते.